फुटलेला पाइप टाकू नका

ऋषिपंचमीची सकाळ, ८ सप्टेंबर २०२४. कुडाळजवळच्या आमच्या गावच्या घरी मोबाइलला रेंज मिळते ती फक्त विहिरीकडच्या फणसाखाली. तिथे उभं राहून फोन उघडला, तर ठाण्याहून अकरा मिस्ड कॉल. सगळे आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचे. त्यांच्या स्वयंपाकघरात पीओपीमधून पाणी गळत होतं आणि आमच्या दाराखालून जिन्यात ओघळ आला होता.

किल्ली समोरच्या शेजाऱ्यांकडे होती. त्यांनी दार उघडलं, पाण्यातून चालत जाऊन मेन कॉक बंद केला आणि मला व्हिडिओ कॉल लावला. घरात घोट्याच्या खालपर्यंत पाणी. वॉटर प्युरिफायरला पाणी नेणारी ती पांढरी बारीक नळी असते ना, बोरूपेक्षा जराशी जाड, ती सिंकखालच्या जोडापाशी उभी चिरली होती. आम्ही निघालो गुरुवारी. नळी कधी फुटली देव जाणे. टाकीला पाणी चोवीस तास, त्यामुळे ती मुकाट्याने वाहत राहिली.

शेजारी म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका, मी आणि वॉचमन मिळून पाणी काढतो." मी त्यांचे आभार मानणार, एवढ्यात मागून माझे थोरले दीर आले. हातात सुपारी आणि अडकित्ता. भाऊजी ३१ वर्षं एका सरकारी विमा कंपनीत क्लेम विभागात होते. त्यांनी माझ्या हातातला फोनच घेतला आणि शेजाऱ्यांना म्हणाले, "पाणी उपसायच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा. पाणी कपाटाला कुठवर लागलंय ते दिसलं पाहिजे. आणि ती फुटलेली नळी फेकू नका, पिशवीत घालून ठेवा."

मग माझ्याकडे वळून, "घराची पॉलिसी आहे ना गं तुमची?"

मी ठामपणे नाही म्हणाले. मी एका सीएच्या ऑफिसात हिशेब बघते. पै-पैची नोंद ठेवणारी बाई. घराचा विमा काढला असता तर मला माहीत नसतं का? यजमानही नाही म्हणाले. भाऊजी हसले. "कर्ज कधी घेतलंत?" ऑगस्ट २०२१. "मग फाइल काढून बघा. बँकेने दिली असणार."

पॉलिसी होती. कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यात, सह्या करताना न वाचलेल्या चाळीस-पन्नास पानांत. दहा वर्षांची, हप्ता एकरकमी, तोही कर्जातच मिळवलेला. म्हणजे त्या हप्त्यावर आम्ही दर महिन्याला व्याज भरत होतो आणि विमा आहे हेच माहीत नव्हतं. ओळखीपाळखीत विचारा, अशी घरं बरीच सापडतील.

ही पॉलिसी 'भारत गृह रक्षा' या नावाची. विमा नियामकाने, म्हणजे 'इर्डाई'ने, १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी हा प्रमाणित नमुना ठरवून दिला. कंपनी कुठलीही असो, मूळ मजकूर सारखा. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड हे त्यात येतंच. त्याच यादीत खाली एक ओळ आहे: पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाइप फुटणं किंवा भरून वाहणं. आमचं नशीब त्या ओळीत होतं.

तरी मी म्हणाले, "भाऊजी, कशाला त्या भानगडीत? गाडीसारखा बोनस जायचा, पुढच्या वेळी हप्ता वाढायचा."

माझ्यासारखं पुष्कळांना वाटतं, म्हणून भाऊजींचं उत्तर सांगते. गाडीच्या विम्यात वर्ष बिनक्लेमचं गेलं की सूट मिळते, क्लेम केला की ती जाते. त्यामुळे बंपरच्या ओरखड्यासाठी कुणी क्लेम करत नाही, आणि ते शहाणपणाचंच आहे. गृह रक्षा पॉलिसीत असा बोनसच नाही, तर जाईल कुठून? अमेरिकेतला माझा भाचा सांगतो की तिकडे पाण्याचे एक-दोन क्लेम केले की विमा महाग होतो, कधी कंपनी नूतनीकरणच नाकारते, म्हणून तिथे लोक दहादा विचार करतात. आपल्याकडे ती भीती उसनी आहे. एक मात्र खरं. नवी पॉलिसी घेताना प्रस्तावाच्या अर्जात आधीचे क्लेम विचारतात आणि तिथे खरं लिहावं लागतं. पाच-पाच हजारांचे तीन क्लेम लिहिलेला अर्ज बघून कुणीही भुवया उंचावणारच.

आणखी एक बारकी वजावट असते, ती मला नंतर कळली. क्लेमचे पैसे दिल्यावर विम्याची रक्कम तेवढ्याने कमी होऊ नये म्हणून ती पुन्हा पूर्ण केली जाते, आणि उरलेल्या मुदतीचा तेवढ्यापुरता हप्ता क्लेममधून कापतात. आमची सात वर्षं उरली होती. कापले २४२ रुपये. एवढ्यासाठी कुणी मागे हटू नये.

तेव्हा क्लेम करायचा की नाही, याचा पहिला निकाल बोनसवर लागत नाही. तो लागतो पाणी कसं आलं यावर. भाऊजींनी फणसाखालीच मला विचारलं, "अचानक आलं की मुरत मुरत?" विम्याच्या भाषेत या दोन पाण्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाइप फुटला, टाकी फुटली, पूर आला, तर ती घटना. तिला तारीख असते. भिंतीला ओल धरली, पोपडे आले, वरच्या बाथरूमच्या टाइल्सच्या फटींतून वर्षभर पाझर लागला, तर ती झीज. झिजेचे पैसे विमा देत नाही. आपल्या घरांत दुसऱ्या प्रकारचं पाणीच जास्त, आणि लोक क्लेम करायला धावतात तेही त्याच्याचसाठी.

म्हणून क्लेम कळवताना शब्द जपून वापरायचे. खोटं लिहायचं नाही, पण अंदाजही लिहायचे नाहीत. मी मेलमध्ये लिहिलं होतं, "बहुतेक बरेच दिवस थेंब थेंब गळत असावं." भाऊजींनी ते वाक्य खोडायला लावलं. "तू पाहिलंस का थेंब थेंब गळताना? नाही ना? मग जे पाहिलं नाहीस ते लिहू नकोस. तुम्ही गुरुवारी निघालात तेव्हा ओटा कोरडा होता, रविवारी नळी चिरलेली सापडली. एवढंच लिही." त्या एका वाक्याने आमचा क्लेम बुडाला असता, हे पुढे नुकसान मोजायला कंपनीचे सर्व्हेअर आल्यावर समजलं.

रविवारीच टोल फ्री नंबरवर फोन केला, मेल केला, क्लेम नंबर घेतला. हे करताना माझा निर्णय झालेला नव्हता. नुकसान किती, तेच माहीत नव्हतं. पण कळवायला पैसे पडत नाहीत, आणि वाटलं तर क्लेम मागे घेता येतो. उशिरा कळवलं, तर मात्र पहिला प्रश्न 'इतके दिवस काय करत होतात' हाच येतो. या पॉलिसीत नुकसान लगेच कळवायचं असतं आणि क्लेमचा अर्ज, नुकसान दिसल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. आपण उलटं करतो. आधी 'करावा की न करावा' यावर घरात पंधरा दिवस चर्चा, मग फोन.

गौरी-विसर्जन उरकून मी ठाण्याला गेले. यजमान आदल्या रात्रीच्या गाडीने पुढे गेले होते. घरात शिरल्यावर ओल्या पार्टिकल बोर्डाचा तो आंबूस वास आला. स्वयंपाकघरातली खालची चार कपाटं बिस्कीट चहात बुडवल्यासारखी फुगली होती, एकही ट्रॉली सरकेना. बेडरूमच्या लॅमिनेटच्या पट्ट्या कडांनी वर उचलल्या होत्या. आणि बॉक्सबेड! त्यात गाद्या, रजया, आणि खालच्या कप्प्यात माझ्या साड्या. माहेरच्या पैठणीचा तांबडा रंग शेजारच्या मोतिया साडीवर उतरला होता. मी तिथेच फरशीवर बसले.

मग हिशेबाला बसले. सुतार, फ्लोअरिंगवाला, गादीवाला, सगळ्यांकडून लेखी अंदाज घेतले. स्वयंपाकघर ६२,०००. फ्लोअरिंग १२० चौरस फूट, १४० रुपये दराने १६,८००. वॉर्डरोब १८,५००. बेड ९,२००. गादी १४,०००. साड्या १२,०००. खालच्या ट्रॉलीतला मिक्सर आणि जमिनीवरचा स्टॅबिलायझर मिळून ४,२००. एकूण १,३६,७००.

पॉलिसीच्या पहिल्या पानावर 'एक्सेस' म्हणून आकडा असतो. प्रत्येक क्लेममधला तेवढा भाग आपण सोसायचा. आमच्या पॉलिसीवर ५,००० होता. १,३६,७०० समोर पाच हजार म्हणजे निर्णय स्पष्ट. पण नुकसान तेरा हजारांचं असतं तर? माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं अगदी तसंच झालं. कल्याणला शुक्रवारचं पाणी बंद. हिने नळ उघडून बघितला, कोरडा. तसाच उघडा ठेवून लग्नाला गेली. सिंकमध्ये भांड्यांचा ढीग. रात्री पाणी आलं आणि घरभर फिरलं. नुकसान तेरा हजारांच्या आसपास. एक्सेस वजा जाता आठ हजार राहिले, त्यावर सर्व्हेअरने काटछाट केली की पाच-सहा हातात. शिवाय उघडा नळ म्हणजे पाइप फुटणं नव्हे, आणि कंपनी घोर निष्काळजीपणाचा मुद्दा काढू शकते. साधा विसरभोळेपणा आणि घोर निष्काळजीपणा यांच्यातली रेघ कुठे, यावर वाद घालत बसायला तिला वेळ नव्हता. तिने क्लेम केला नाही. मीही केला नसता. माझा स्वतःचा ठोकताळा असा, की एक्सेस वजा जाता किमान पंधरा हजार उरत असतील तरच कागद जमवायला बसावं. माझ्या चार अर्ध्या रजा, दोन रविवार आणि असंख्य फोन गेले, त्याची किंमत मी तेवढी धरते. तुमची वेगळी असेल.

विम्याच्या रकमेबद्दलही लोकांचा गैरसमज असतो. आमचा फ्लॅट विकायला काढला तर कोटीच्या वर जाईल, आणि पॉलिसी १८,६०,००० ची. मी भाऊजींना म्हणाले, "म्हणजे फसवलंच." ते म्हणाले, "जमिनीला कुठे आग लागते? विमा बांधकामाचा." चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर. आमचं ६२० चौरस फूट, दर ३,०००. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के संरक्षण आपोआप मिळतं, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. आमचं ३,७२,००० झालं. भिंतीला कायमचं ठोकलेलं ते इमारतीत, उचलून नेता येतं ते सामानात. आणि विम्याची रक्कम कमी पडली म्हणून त्या प्रमाणात क्लेम कापायचा, ही जुन्या पॉलिस्यांतली कुप्रसिद्ध पद्धत गृह रक्षामध्ये नाही. तुमची पॉलिसी २०२१ च्या आधीची असेल, तर ते कलम आणि घसाऱ्याचं कलम, दोन्ही एकदा वाचा.

सर्व्हेअर आले. चाळिशीतले, शांत, बूट दाराबाहेर काढून आत येणारे. टेपने मापं घेतली, कपाटावरच्या पाण्याच्या रेघेचे फोटो काढले. मग विचारलं, "गावाला जाताना मेन कॉक का बंद केला नाहीत?" मी खरं ते सांगितलं. कुंडीतल्या झाडांना पाणी घालायला समोरचे येणार होते, म्हणून ठेवला. त्यांनी लिहून घेतलं, पुढे काही बोलले नाहीत.

मग ते खाली काकूंकडे गेले. आणि काकू भोळेपणाने म्हणाल्या, "अहो, ओल तर महिनाभर होतीच की छताला."

झालं. वर आले ते चेहरा बदलूनच. महिनाभराची ओल म्हणजे पाझर, आणि पाझर म्हणजे शून्य. मी भाऊजींना फोन लावला. ते म्हणाले, "ओल कुठल्या खोलीत ते विचार." मी सर्व्हेअरना घेऊन पुन्हा खाली गेले. काकूंची जुनी ओल होती बाथरूमजवळच्या पॅसेजमध्ये, पिवळट डाग, कडा वाळलेल्या. आमच्या बाथरूमच्या फटींची, आणि ती दुरुस्त करणं आमचंच काम, हे मी तिथल्या तिथे कबूल केलं. स्वयंपाकघरातलं पीओपी मात्र ताजं फुटलेलं, पांढरंशुभ्र, डागाचा पत्ता नाही. मग वर येऊन दुधाच्या रिकाम्या पिशवीत ठेवलेली ती नळी काढली. इंचभर लांबीची सरळ चीर. सर्व्हेअरनी ती उजेडात धरून वाकवली, चिरेच्या कडा बघितल्या, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढला. प्युरिफायर दुरुस्त करणाऱ्या मुलाकडून 'इनलेट पाइप फुटला, बदलला' असं बिलावर तारखेसकट लिहून घेतलं होतं, तेही दाखवलं. माझ्या मते आमचा क्लेम त्या दुधाच्या पिशवीने वाचवला.

असाच पुरावा माझ्या चिपळूणच्या मामेभावाने हातचा घालवला होता. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, त्याचा तळमजला बुडाला. पाणी ओसरल्यावर गुडघाभर चिखल, वास, रोगराईची भीती. दोन दिवसांत त्याने फ्रिज, वॉशिंग मशिन, सोफा, सगळं रस्त्यावर काढलं. नगरपालिकेच्या गाड्यांनी ते उचलून नेलं. सर्व्हेअर आला तेव्हा दाखवायला होत्या धुतलेल्या भिंती. त्याला दोष कसा देणार? अशा वेळी माणूस आधी घर घासतो. पण टाकण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचा, तिच्या मॉडेल नंबरच्या पट्टीचा आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचा फोटो काढायला दहा मिनिटं पुरतात. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रतही मागून घ्यावी. ती सरकारी मदतीसाठी असते, पण विम्यालाही चालते. पुरापुरतं एवढं बरं की तिथे 'अचानक की मुरत' हा वाद उद्भवत नाही.

आमच्या सर्व्हेअरनी काय मान्य केलं ते सांगते, कारण मागितलेलं आणि मिळालेलं यांत अंतर का पडतं ते त्यात दिसतं. स्वयंपाकघराचे ६२,००० चे ४१,००० झाले. मी चिडले. त्यांनी सुताराच्या अंदाजावर बोट ठेवलं. तिथे 'मरीन प्लाय' लिहिलं होतं. "तुमचं जुनं होतं पार्टिकल बोर्ड. पॉलिसी होतं तसं नवं करून देते, होतं त्याहून चांगलं नाही." बिनतोड होतं. वॉर्डरोब बदलायची गरज नाही, खालची फळी बदलली की झालं, म्हणून ११,०००. बेड ८,०००. गादीच्या त्याच जातीचा आजचा भाव ११,५००. सहा वर्षं वापरली म्हणून घसारा कापला नाही, हे मला अनपेक्षित होतं. फ्लोअरिंग पूर्ण १६,८००. मिक्सर-स्टॅबिलायझर ३,६००. साड्यांची बिलं कोण ठेवतं? लग्नातल्या फोटोत पैठणी दिसत होती, तेवढ्यावर ७,०००. एकूण ९८,९००. त्यातून एक्सेस ५,०००, भंगाराचे १,५००, आणि ते २४२. हातात ९२,१५८.

काकूंच्या पीओपीचे २३,००० मात्र आमच्या खिशातून गेले. माझी समजूत होती की पाणी आमचं, तर विमाही आमचाच. तसं नसतं. ही पॉलिसी आपल्या घराचं आणि आपल्या सामानाचं नुकसान भरते. आपल्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरायला दायित्वाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने ते घ्यावं, असं आता माझं मत आहे.

पैसे सहज आले नाहीत. विमा नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल आल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय घ्यायचा. सर्व्हेअर वेळेत आले, अहवालही वेळेत गेला. मग कंपनीत फाइल झोपली. कधी पॅनची प्रत पुन्हा, कधी रद्द केलेला चेक पुन्हा. शेवटी आठवलं की पॉलिसीवर बँकेचं नाव आहे, तेव्हा बँकेचं ना-हरकत पत्र हवं. तीन आठवडे त्यात गेले. कर्ज चालू असेल तर हे पत्र पहिल्याच आठवड्यात मागून ठेवा. मी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला तारखांसकट एक पानाचा मेल केला, त्यात 'विमा लोकपाल' हे दोन शब्द घातले, आणि नवव्या दिवशी पैसे जमा झाले. लोकपालांकडे जायला वकील लागत नाही, फीही नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही की त्यांच्याकडे जायचं. कंपनीने नाकारल्यापासून वर्षाच्या आत. ५० लाखांपर्यंतचे वाद ते ऐकतात, आणि त्यांची कार्यालयं मुंबईत, पुण्यात आणि ठाण्यातही आहेत.

या यशाने माझ्या डोक्यात हवा गेली. पुढच्या पावसाळ्यात मुलाच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला ओल आली, रंग फुगला, कोपऱ्यात काळी बुरशी. मी फोटो काढून भाऊजींना पाठवले, 'क्लेम करू का?' त्यांचा फोन आला तो हसतच. "अगं, ही भिंत काय एका रात्रीत भिजली? विसर. सोसायटीला पत्र लिही."

खरंच होतं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत दुरुस्त्यांची वाटणी दिलेली आहे. बाहेरच्या भिंती, गच्ची, सामाईक पाइप, पावसाच्या पाण्याची गळती, गच्चीच्या गळतीने सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या छताचं झालेलं नुकसान, हे सोसायटीच्या खर्चाने. फ्लॅटच्या आतल्या संडास, बाथरूम, सिंकची गळती त्या त्या सदस्याच्या खर्चाने. वरच्या आणि खालच्या मजल्यांमधली निम्मी भांडणं हे पान न वाचल्यामुळे होतात, असं मला वाटतं. मी उपविधीचा उल्लेख करून सेक्रेटरींना पत्र दिलं, पोच घेतली. दिवाळीनंतर झूल्यावरून माणसं उतरली, भेगा भरून गेली. आतला रंग आम्हीच काढला, साडेसहा हजारांत. त्यासाठी भांडले नाही. त्याच फेरीत आमच्या बाथरूमच्या फटी भरून घेतल्या, आणि काकूंचा तो जुना पिवळा डागही रंगवून दिला.

सोसायटीच्या सभेत कुणीतरी म्हणालं, "बिल्डिंगचा विमा आहे ना, मग आपण वेगळा कशाला?" सोसायटीने इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा काढावा असं उपविधी सांगतात. तो काढला असला तरी तुमच्या ट्रॉल्या, तुमची गादी, तुमची पैठणी त्यात नसते. आणि पाइप फुटणं त्यात घेतलंय की नाही, ते पॉलिसी बघितल्याशिवाय कुणी सांगू नये. आमच्या सभेत कुणीच बघितली नव्हती.

तुमच्यावर गृहकर्ज असेल तर आज रात्री जेवणं झाल्यावर ती फाइल काढा. विम्याचा कागद सापडला तर पॉलिसी नंबर, मुदत, एक्सेसचा आकडा आणि क्लेमचा फोन नंबर मोबाइलमध्ये लिहून ठेवा, आणि एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाला पाठवा. सापडला नाही तर बँकेला मेल करून विचारा. आणि त्या फाइलवरून उठताना सिंकखाली वाकून ती पांढरी नळी बघून या. पिवळी पडली असेल किंवा जोडापाशी कडक झाली असेल, तर उद्याच बदला. आम्ही ११० रुपयांना बदलली.